मार्ग क्रमांक चार, येताना

दोन फेब्रुवारीला पायवाट समितीच्या खात्यात अकरा हजार सहाशे चाळीस रुपये होते. सहा मार्गांच्या पुस्तिकेच्या पाचशे प्रती छापायला छापखान्याने नेमकी एवढीच रक्कम सांगितली होती, पण तो भाव महिनाअखेरपर्यंतचा होता. पुढे कागद महागणार होता. पाच मार्ग लिहून, तपासून तयार होते. चौथा तेवढा अडला होता, आणि तो लिहायचं काम कंडक्टरकडे होतं.

कंडक्टर निवृत्त झाला होता, तरी गावात त्याला अजून कंडक्टरच म्हणत. एकतीस वर्षं त्याने बाजाराच्या गावातून भोवतालच्या सहा गावांना माणसं, पोती आणि कोंबड्या पोचवल्या. कुठल्या थांब्यावर कोण चढतं आणि सुट्टे नाहीत म्हणून कोण उगाच खिसे चाचपतं, हे त्याला तोंडपाठ. पण दोन थांब्यांच्या मध्ये जमिनीवर काय आहे ते त्याने कधी धड पाहिलंच नव्हतं. तिकिटं फाडून होईपर्यंत पुढचा थांबा यायचा. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर पहिले काही दिवस तो बसस्थानकाच्या आवारातच फेऱ्या मारत राहिला. "पगार थांबला, ड्यूटी काही थांबली नाही," असं बायको म्हणाली, तेव्हा तो समितीत गेला.

समिती म्हणजे पाच माणसं आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं एक डुगडुगणारं टेबल. बस येण्याआधी लोक शेतांतून, कालव्याच्या कडेने या गावांना चालत जात. त्या वाटा बुजत चालल्या होत्या. त्या शोधायच्या आणि अनोळखी माणसालाही कळतील अशा लिहायच्या, हे समितीचं काम. अध्यक्षा चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. बाईंचा एक नियम होता. मार्ग ज्याने लिहिला त्याने तो तपासायचा नाही. ती वाट कधीही न चाललेल्या माणसाच्या हातात कागद द्यायचा, त्याने वाचत पुढे चालायचं आणि लिहिणाऱ्याने थोडं अंतर ठेवून मागून यायचं, तोंडाला कुलूप लावून. खोकायचंसुद्धा नाही. पुढचा माणूस चुकून भलतीकडे गेला आणि आपणहून परत वळला नाही, तर मार्ग नापास. मागचा बोलला, तर चाचणी रद्द.

"एकतीस वर्षं 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणणारा माणूस गप्प कसा बसणार?" असं औषधाच्या दुकानदाराने, म्हणजे समितीच्या खजिनदाराने, पहिल्याच दिवशी विचारलं होतं. कंडक्टरने ते मनाला लावून घेतलं नाही. त्याला चौथा मार्ग हवा होता आणि त्याचं कारण समितीत सगळ्यांना माहीत होतं.

चौथ्या मार्गाच्या टोकाच्या गावात त्याची थोरली बहीण राहत होती. ताई घरामागे टोमॅटोची, कोबीची, फुलझाडांची रोपं करायची आणि आठवड्यातून दोनदा बाजारात वजनकाट्याशेजारी विकायला बसायची. प्रवासी कमी म्हणून तिच्या गावची बस गेल्या वर्षी बंद झाली. तेव्हापासून ती ट्रकच्या रस्त्याच्या कडेने चालत येत होती. जानेवारीत एका ट्रकच्या आरशाने तिच्या हातातला रोपांचा ट्रे उडवला. ताईने हे हसत हसत सांगितलं. ट्रे कसा गरगरत गेला त्याची नक्कलही करून दाखवली. कंडक्टरला हसू आलं नाही. त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी ताई येऊन बसलेली दिसेपर्यंत त्याच्या जिवात जीव नसे. जुनी पायवाट मोठ्या रस्त्याला कुठेच लागत नव्हती. नगरपालिकेने कबूल केलं होतं की पुस्तिकेत छापलेल्या मार्गांवरची झुडपं तोडून देऊ, दगडांवर खुणाही रंगवू. न छापलेल्या मार्गांचं नाव काढू नका. म्हणजे चौथा मार्ग छापला गेला तर ताई वाटेने येणार, नाहीतर ट्रकच्या कडेने. इतका साधा हिशेब होता.

पहिल्या चाचणीला बँकेत नुकतीच बदलून आलेली मुलगी आली. गावात नवीन, म्हणून चाचणीला अगदी योग्य. कागदावर लिहिल्याप्रमाणे ती पिठाच्या गिरणीपाशी उजवीकडे वळली आणि थेट एका घराच्या मोरीत पोचली. तिथे कपडे धूत असलेल्या बाईने तिला पाणी विचारलं. कंडक्टर मागे उभा राहून ओठ चावत होता. वळायचं डावीकडे होतं. घरी गेल्यावर कागद काढून पाहिला तर आणखी दोन ठिकाणी तोच घोटाळा. आपल्याला डावं-उजवं कळत नाही की काय, या विचाराने त्याचा चेहरा उतरला. बायकोने भाजी चिरता चिरताच निकाल दिला, "आयुष्यभर ड्रायव्हरकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून उभे राहिलात. तुमचं उजवं म्हणजे जगाचं डावं. त्यात नवल काय?"

त्याने ते खरंच करून पाहिलं. टेबलापाशी बसून वाट आठवताना तो मनातल्या मनात बसमध्ये उभा राहत होता, मागे तोंड करून. मग तो कागद घेऊन वाटेवर गेला आणि त्याने प्रत्येक वळणावर थांबून, हात वर करून लिहिलं. अठरा तारखेला ग्रंथपालाच्या भावाने तोच कागद घेऊन कुठेही न अडखळता ताईचं अंगण गाठलं. मार्ग पास झाला. ताईने सगळ्यांना चहा दिला, औषधवाल्याने नेहमीप्रमाणे गाडी आणली आणि सगळे गाडीतून परत निघाले.

निघताना ताईने कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "हे तुमच्याकडून माझ्याकडे झालं. मी येताना कसं वाचायचं?"

"खालून वर," कंडक्टर म्हणाला. "आणि डाव्याचं उजवं कर. त्याची सवय आहे आपल्या घराण्याला."

पुढच्या बैठकीत त्याने ही गंमत सांगितली. सगळे हसले, बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आपल्यापैकी कुणी कुठलाही मार्ग त्या गावाकडून इकडे चाललं आहे का? कुणीच चाललेलं नव्हतं. सहाही मार्गांची चाचणी सकाळी गावातून सुरू झाली होती, आणि सहाही वेळा माणसं औषधवाल्याच्या गाडीतून परत आली होती. शेजारच्या गावांतली माणसं बाजाराला येतात, ती काय गाडीतून येणार होती? हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे चूक माझ्या पेट्रोलची," औषधवाला म्हणाला.

छपाईला चार दिवस उरले होते. बाईंनी तोडगा काढला: एक मार्ग येताना चालून बघू. खालून वर वाचून जमलं, तर सगळ्यांचंच जमेल. नाही जमलं, तर तूर्त तो मार्ग वगळून बाकीचे छापू, पुढचं पुढे. कंडक्टरने ताईचं नाव सुचवलं. ती जन्मभर बसने आली होती, ही वाट तिने कधी पायाखाली घातली नव्हती. बहीण असली तरी नियम तोच, एवढं बाईंनी दोनदा बजावलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी औषधवाल्याने त्याला ताईच्या दारात सोडलं. ताईने दोन्ही हातांत रोपांचे ट्रे धरले होते आणि कागद ब्लाउजला टाचणीने लावला होता. कंडक्टरने ट्रे घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, रोज काय तू येणार आहेस? जशी येते तशीच येऊ दे. आणि चालायला लागली. तो मागून.

पहिला अर्धा मार्ग झकास झाला. ताई मान खाली घालून कागद वाचायची, बडबडत डाव्याचं उजवं करायची आणि बरोबर वळायची. मध्येच मागे न बघता त्याला टोमणे मारायची, कारण आयुष्यात पहिल्यांदा तो उत्तर देऊ शकत नव्हता. लहानपणी तिची पेन्सिल त्याने हरवली होती, तीही बोलण्यात निघाली. कंडक्टर गालातल्या गालात हसत चालला होता.

मग कालव्यावरचं पंपघर आलं. गावातून जाताना इथे वळण नव्हतंच. वाट सरळ पुढे जाते, आणि मागून तिरकी येऊन मिळणारी दुसरी वाट चालणाऱ्याला दिसतच नाही. ती त्याच्या पाठीशी राहते. कागदावर तिचा उल्लेख नव्हता, कारण कंडक्टरला ती कधी दिसलीच नव्हती. पण समोरून येणाऱ्या ताईपुढे तिथे दोन वाटा फुटल्या होत्या. डावी अरुंद, गावाकडे जाणारी. उजवी रुंद, जिथून विटांसाठी माती काढून नेली होती त्या पाणथळीकडे जाणारी.

ताईने कागद पाहिला. खालून वर पाहिला, वरून खाली पाहिला. मग शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच तिने केलं. रुंद वाट धरली.

कंडक्टरचा पाय जागेवर थबकला. एक शब्द पुरे होता. पण शब्द काढला तर चाचणी रद्द, दुसरी घ्यायला दिवस नाही, आणि बाई चौथा मार्ग वगळून पुस्तिका छापायला देणार. नियमात आपणहून परत वळायला मुभा होती. पुढे लव्हाळं दिसलं की ती वळेल, असं त्याने स्वतःला समजावलं. लव्हाळं आलं. ताई वळली नाही. ट्रे छातीशी धरून ती लव्हाळ्यात शिरली, आणि कंडक्टर तोंडावर हात ठेवून मागून गेला. ताईचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला, कोबीचा ट्रे चिखलात पालथा झाला आणि ती बसकण मारून बसली.

तो धावला. काखेत हात घालून तिला वर ओढलं. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. ती शोधायला त्याने कोपरापर्यंत हात घातला, पण सापडली नाही. ताईला लागलं नव्हतं. ती एका ढेकळावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं, मी चुकले ते?"

"हो."

"कुठपासून?"

"पंपघरापासून."

"आणि तू गप्प राहिलास."

"बोललो असतो तर मार्ग गेला असता, ताई. छापला नसता. तू परत ट्रकच्या कडेने आली असतीस."

ताईने आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं. "मग आता पास झाला का?"

उरलेला ट्रे त्याने उचलला, या वेळी तिने उचलू दिला. पंपघरापर्यंत मागे येऊन दोघं अरुंद वाटेने गावात आली. ताई एका पायात चप्पल घालून चालत होती. थोड्या वेळाने तिने तीही काढून हातात घेतली.

बाई वजनकाट्यापाशी चाचणीचा निकाल लिहून सही करायचा कागद घेऊन उभ्या होत्या. औषधवालाही दुकान नोकरावर टाकून आला होता. ताई ठरलेल्या वेळेच्या फारशी मागे नव्हती, आणि समोर धडधाकट उभी होती. औषधवाला म्हणाला, पोचल्या ना, मग झालं. चिखल काय कुठेही लागतो. बाईंनी कंडक्टरकडे पेन धरलं.

नापास लिहिलं तर चौथा मार्ग गेला. पास लिहिलं तर नगरपालिका झुडपं तोडणार, खुणा रंगवणार. पंपघरापाशी एक खूण जास्त मारायला रंगाऱ्याला सांगता आलं असतं. ताई आता वाट ओळखत होती, ती पुन्हा चुकणार नव्हती. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. ताई पोतं अंथरून रोपं मांडत होती. तिने वर पाहिलंच नाही.

"नापास," कंडक्टर म्हणाला. "आणि बाई, बाकीचे पाचही नापास धरा. तिथेही कुठेतरी पंपघर असणार."

औषधवाल्याने कपाळाला हात लावला. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि छापखान्याला निरोप पाठवला की इतक्यात छापू नका.

पुढचे तीन रविवार समितीची माणसं उलट्या बाजूने चालली आणि गाडी घरी राहिली. पाचांपैकी दोन मार्ग येताना नापास झाले. एकात बँकेतली मुलगी पुन्हा कुणाच्या तरी मोरीत पोचली. कागदाचा भाव वाढल्यामुळे पाचशेच्या चारशे तीस प्रती झाल्या, पण प्रत्येक मार्ग पानाच्या दोन्ही बाजूंना, दोनदा छापला गेला: जाताना आणि येताना.

चौथ्या मार्गाचं 'येताना' ताईने सांगितलं आणि कंडक्टरने उतरवून घेतलं. लिहिणारी ती, म्हणून चाचणीत मागून चालायचा मानही तिचाच. पहिल्या दोन चाचण्या रद्द झाल्या, कारण ताई गप्प राहिली नाही. "अहो, तिकडे कुठे, बुडाल ना," असं ती पंपघराच्या बरंच आधी म्हणाली, तेही कागद वाचत पुढे निघालेला वाचनालयाचा शिपाई योग्य वाटेने चालला असताना. तिसऱ्या वेळी बाईंनी तिच्या तोंडात आवळासुपारी दिली आणि मार्ग पास झाला. मे महिन्यात नगरपालिकेची माणसं कोयते आणि पिवळा रंग घेऊन आली.

ताई आता बाजाराच्या दिवशी त्याच वाटेने येते. तिच्या मागून तिच्या गावची आणखी चार-पाच माणसं येतात. कंडक्टर वजनकाट्यापाशी जाऊन तिची वाट बघत उभा राहत नाही. कधी गेलाच तर रोपं उचलायला म्हणून जातो. चिखलात गेलेल्या दिवसाबद्दल ती दोघं बोललेली नाहीत. कोबीच्या ट्रेचे पैसे त्याने त्याच आठवड्यात दिले. चपलांचे दोनशे चाळीस रुपये त्याच्याकडून ताईला अजून यायचे आहेत.