मागे वळणाऱ्या माना

वाक्य लिहून झालं की मुलाची मान मागे वळते. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना मी दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये लिहायला शिकवते, तिथलं हे दृश्य. शाळा मुलांना साच्यात घालते, असं त्यांचे आईबाप पहिल्याच दिवशी मला ऐकवून गेले. गेले कसले! मागच्या भिंतीला खुर्च्या लावून बसले, ते अजून बसलेत.

आज मी म्हटलं, "सकाळी घरात काय झालं ते लिहा." इराने झरझर लिहिलं, बाबा दूधवाल्यावर खेकसले. मग मान वळली. आई लगबगीने पुढे आली.

"अगं, असलं काय लिहितेस? खिडकीत बुलबुल आला होता ना, ते लिही."

इराने मुकाट्याने खोडलं. मग एकेक मान वळत गेली, एकेक खुर्ची सरकत गेली, आणि तास संपताना माझ्या हातात नुसते पक्षी आले.

"बघा ताई, किती मोकळेपणाने लिहितात!" इराची आई म्हणाली.

मोकळेपणा म्हणे! ज्या शाळेला ही मंडळी नावं ठेवतात, तिथे आमच्या बाई फळ्यावर लिहायला लागल्या की तेवढा वेळ तरी आमच्याकडे त्यांची पाठ असायची. या पोरांना कधी कुणाची पाठच दिसत नाही.