फणसाच्या फळ्या

दुपारच्या जेवणानंतर मालनचे डोळे मिटायला लागलेत, पण राग काही मिटत नाही. बागेतल्या मांगराच्या उंबऱ्याला डोकं टेकून ती गोणपाटावर आडवी झाली आहे. मांगर म्हणजे नारळ, कोकमाची सोलं, कोयते-खुरपी ठेवायची चिऱ्याची खोली. दाराची एक झडप तिने सकाळी एकटीने बसवली. दुसरीच्या नशिबी मात्र नकटीच्या लग्नाची सतराशे विघ्नं. झडप धरावी तर स्क्रू कोण पिळणार, स्क्रू पिळावा तर झडप कोण धरणार? पाचर लावून पाहिली, ती निसटली आणि झडप पायावर आली. आज दार बसलं नाही तर उद्या वानरं आत घुसणार आणि वर्षाची सोलं मातीत घालणार. गेल्या साली घातलीच होती. तिने झडपेला शिव्या दिल्या, मग नवऱ्याला. नवरा श्रावणातच वारलाय, पण शिव्या खायला तो तिला अजून पुरतो.

डोळा लागतो न लागतो तोच तो येतो. भिकाजी धुरी, बनियन आणि अर्ध्या चड्डीत, कानावर पेन्सिल खोचलेली. पेन्सिल खोचायची हौस भारी, कामाच्या नावाने मात्र शंख. तो बसवलेल्या झडपेवरून बोट फिरवतो आणि विचारतो, ही आंब्याची फळी कशाला लावलीस, फणसाच्या कुठे गेल्या?

मालनच्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या फणसाच्या फळ्यांपायीच तर सगळं घोंगडं भिजत पडलं. परसातला फणस पाडून त्याने फळ्या कापून आणल्या, मांगरात आढ्याखाली रचल्या, आणि पुढे दाराचं नाव काढलं की एकच उत्तर, "लाकूड अजून सुकूक नाय." वर्षं गेली, वानरं येत राहिली. हा आपला फळीवर टिचकी मारून कान लावायचा आणि मान हलवायचा.

आता तो उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसलाय, आणि उंबऱ्यापुढे बाग नाही, ओढ्याकाठचं स्मशान आहे. पाऊस कोसळतोय, पण या दोघांना भिजवत नाही. गाववाल्यांनी त्याच्या चितेला आणलेली लाकडं नुसती धुमसतात, पेटत नाहीत. सगळे एकमेकांची तोंडं बघतात. मग मालनच मांगराकडे बोट दाखवते, आणि चौघेजण जाऊन त्या फळ्या खांद्यावरून घेऊन येतात.

"माझ्या दाराच्यो फळ्यो जाळलंस?" भिकाजी विचारतो. त्याचा आवाज चढलाय. गेलेल्या माणसाला लाकडावरून एवढा राग कशाला, हे तिला कळत नाही.

"श्रावणात मेलात. सुका लाकूड खंय गावतला?" ती म्हणते. "सुकूक नाय, सुकूक नाय म्हणत होतात ना? बऱ्यो पेटल्यो."

जित्याची खोड मेल्यावरही गेलेली नाही, वाद त्याला संपवायचा नसतोच. तो सांगतो की फळ्या वाया गेल्या नाहीत, चल दाखवतो.

ओढा ओलांडला तर पलीकडे तिचाच मांगर उभा आहे. त्याला फणसाचं दार आहे, दोन झडपांचं. एका बोटाने ढकललं तरी फिरतं, बिजागरी कुरकुरत नाही, आणि मधली फट पावसात लाकूड फुगेल तेवढीच. असं दार मालनने उभ्या तालुक्यात पाहिलेलं नाही, आणि हेच तिला सोसवत नाही. हातात एवढी कला होती, तर जिवंतपणी काय धाड भरली होती?

"हंय बरो वेळ गावलो तुमका," ती म्हणते.

त्यावर तो इतकंच म्हणतो की इथे दुसरं काय काम आहे. आणि आत जातो. झडपा मिटतात, आतून कडी पडते. मालन बाहेर उभी राहते. वानरं, सोलं, उरलेली झडप, सगळंच तिला नकोसं होतं. त्याच्याशिवाय ही बाग राखायचा तिला वीट आलाय, हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"दार उघडा," ती म्हणते. "माका आत येवचा आसा."

"ह्या दार भायल्यान उघडणा नाय गो. तुझा दार थंय आसा. ता लाय जा."

बाहेरून उघडत नाही तर आतून उघडा, ती म्हणते. तो उघडत नाही. जन्मभर ज्याने तिला कधी नाही म्हटलं नाही, नुसतं उद्यावर ढकललं, तो आज सरळ नाही म्हणतो. ती मूठ आवळते आणि दारावर मारते, मारतच राहते.

जाग येते तेव्हा ऊन पायांवर आलंय आणि मूठ अजून आवळलेलीच आहे. बोटाच्या पेरात लाकडाचं कुसळ रुतलंय. ती ते दातांनी उपसून तळहातावर घेते. तिची आंब्याची फळी पांढुरकी आहे. हे कुसळ हळदीसारखं पिवळं आहे, फणसाचं. म्हणजे दार खरंच होतं, आत तो होता, आणि त्याने तिला घेतलं नाही.

मालन उठते. दुसरी झडप उचलते आणि खांद्याने चौकटीवर दाबून धरते. हा राग अंगात आहे तोवर पहिला स्क्रू आत गेला पाहिजे.