चमचाभर गिरनार

आमच्या आतोबांइतका मातीवर जीव असलेला माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांच्या नावावर हातभरही जमीन नव्हती. आत्याचे हे यजमान औषधांच्या कारखान्यात जंतुशास्त्रज्ञ होते. जंतू मारणारी कितीतरी औषधं मुळात मातीतल्या बुरशीनं आणि जंतूंनीच बनवलेली असतात, हे त्यांनी आम्हांला मुंजीत, बारशात आणि एकदा तर मर्तिकाहून परतताना रिक्षातही सांगितलं होतं. गावाला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात ते कागदाची पुडी ठेवत आणि म्हणत, "येताना चमचाभर माती आणा. पेढे नकोत." द्वारकेहून आलेल्या शेजारणीची पुडी आत्यानं अंगारा समजून सगळ्यांच्या कपाळाला लावली, तेव्हा आतोबांनी आमची कपाळं चमच्यानं खरवडून नमुना परत मिळवला होता.

दुसरं वेड अर्धवट औषधाचं. सयाजीगंजातल्या औषधाच्या दुकानापुढे ते रेंगाळत आणि कुणी दोनच कॅप्सूल मागितल्या की मागून समजावत, "भाई, बे गोळीथी जंतु मरे नहीं, हुशार थाय." दुकानदारानं शेवटी हात जोडले, "काका, तमे सामेनी दुकाने ऊभा रहो ने." आतोबा खरोखरच समोरच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले. नात्यातल्यांना तर कोर्स संपला की रिकामी स्ट्रिप त्यांना दाखवावी लागे. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ताप उतरला की मला गोळ्यांचा भारी कंटाळा यायचा. आम्ही बडोद्याच्या समा भागात राहायचो; तिथल्या आमच्या बाल्कनीत जास्वंदीची कुंडी होती. उरलेल्या कॅप्सूल मी फोडून तिच्या मातीत मिसळायचो आणि स्ट्रिप मोठ्या रुबाबात दाखवायचो. त्याच सुमारास मित्रांबरोबर गिरनार चढून आलो आणि माती आणायची विसरलो. आतोबांचा हिरमोड नको म्हणून त्याच कुंडीतली चमचाभर माती पुडीत भरली आणि वर लिहिलं, 'गिरनार, पायथा'.

आठवड्यानं आतोबा हरणीतल्या त्यांच्या घरून स्कूटरवर आले, जिने चढून धापा टाकत. बाजार खुला झाल्यापासून परदेशातून औषधांची तयार पावडर स्वस्तात येऊ लागली होती, आणि दिवाळीपर्यंत काही हाती लागलं नाही तर मातीतून नवी औषधं शोधणारा त्यांचा विभाग बंद, असं कारखान्यानं त्यांना बजावलं होतं. आता माझ्या मातीच्या एका कणाभोवती, काचेच्या थाळीत, जंतू मेल्याचं स्वच्छ कडं उमटलं होतं. "गिरनारनं लाज राखली," ते म्हणाले. पण त्या कणातला एकही जंतू पुन्हा तसं कडं करीना. ताजी माती हवी म्हणून दुखऱ्या गुडघ्यानिशी ते गिरनारला गेले, आणि काही मिळालं नाही म्हणून पुन्हा गेले. कडं कशानं उमटलं ते मला एव्हाना उमगलं होतं, पण तोंड उघडायची छाती नव्हती. तिसऱ्या खेपेला आत्या त्यांच्या गुडघ्याला पट्टा बांधत होती, तेव्हा मात्र राहवलं नाही. कुंडी, कॅप्सूल, सगळं सांगून टाकलं.

आतोबांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "किती पुरल्यास?"

"वीसेक असतील."

"किती दिवसांत?"

"दोन वर्षं झाली."

"अरे, मग तिथे त्या औषधाला न भिणारे जंतू तयार झाले असतील. चल, कुंडी दाखव."

आणि गिरनारसाठी बांधलेल्या पट्ट्यानिशी ते आमच्या बाल्कनीत फतकल मारून बसले आणि जास्वंदीची मुळं न दुखवता माती उकरू लागले.

विभाग दिवाळीत बंद झाला. गिरनारात गेलेले ते दिवस त्यांनी दुसऱ्या पुड्यांवर घालवले असते तर, हा विचार मला अजून टोचतो. त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. ते गेल्यावर आत्यानं पुड्यांचा डबा मला दिला. माझ्या पुडीवरचं 'गिरनार' खोडून त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'समा, जास्वंदीची कुंडी. कोर्स अपुरा.'

परवा आजारी पडलो, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. शेवटचीसुद्धा वेळेवर घेतली आणि रिकामी स्ट्रिप हातात धरून घरभर फिरलो. दाखवायला कुणी नव्हतं.