एक जरी जुनं कलम सापडलं तर

फायलींना कपाट लागतं, किश्शांना नुसता चहा पुरतो. आमच्या ऑफिसातून आजवर कितीतरी फायली गहाळ झाल्या असतील, पण किस्सा एकही गहाळ झालेला नाही. सांगणारा बदलून गेला की त्याच्या खुर्चीवरचा नवा माणूस आठवड्याभरात तो पाठ करतो आणि स्वतः तिथं उभा असल्यासारखा सांगायला लागतो. मी मात्र खरंच उभी होते. मी सुनंदा, बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या वाहतूक ऑफिसात वरिष्ठ लिपिक. ट्रक, टेम्पो आणि उसाच्या ट्रॉल्या हे आमचं गिऱ्हाईक.

झालं असं, की दिल्लीत फौजदारी कायदे बदलले. जुनं दंडविधान गेलं, नवी न्याय संहिता आली, कलमांचे आकडे इकडचे तिकडे झाले. मग आम्हाला पत्र आलं: ट्रकवाहतुकीच्या नियमांत, फॉर्मवर, पाट्यांवर, शिक्क्यांवर जिथं जिथं जुनं कलम असेल तिथं नवं घाला. वरून अधिकारी तपासायला येतील आणि सगळं नीट असेल तर तसा दाखला देतील.

या दाखल्यात आमच्या साहेबांचा जीव अडकला होता. साहेब पुण्याचे. आल्या दिवसापासून इथल्या उन्हाला आणि धुळीला नावं ठेवायचे आणि ‘कधी एकदा सुटतो’ म्हणायचे. वहिनींनी तर अर्धं सामान उघडलंसुद्धा नव्हतं. अखेर पुण्याची बदली मंजूर झाली, पण ऑर्डरच्या खाली एक ओळ होती, की कलमांचा दाखला मिळाल्यावरच सोडावं. एक जरी जुनं कलम सापडलं, तर पुढची तपासणी थेट उसाचा हंगाम संपल्यावर, आणि तोवर साहेब इथंच.

“चला, कामाला लागा,” साहेब म्हणाले. “मला जायचंय.”

आम्ही लागलो. अगदी मनापासून लागलो, असं मात्र शपथेवर सांगणार नाही. खरं सांगते, मला वाईट वाटत होतं. आधीचे साहेब गाडीची काच खाली करून ड्रायव्हरशी बोलायचे. हे खाली उतरून, ट्रकच्या सावलीत उभं राहून बोलायचे. असा माणूस पुन्हा कुठून आणायचा?

*

पहिल्याच दिवशी कपाट उघडलं. साहेबांनी एक छापील नमुना काढला, वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

“सुनंदाताई, यात एकोणचाळीस सालचा मोटार कायदा आहे. तो रद्द होऊन अठ्ठ्याऐंशीचा आला, त्यालाही जमाना झाला!”

आमच्या ऑफिसचा एक जुना रिवाज आहे, ‘मागचं बघून मारा’. पत्र लिहायचं तर मागचं काढायचं, वरचं नाव बदलायचं आणि खाली तेच उतरवायचं. मागच्यानंही त्याच्या मागचं बघूनच मारलेलं असतं. कॉम्प्युटर आल्यावर तर काय, मारायचा वेग तेवढा वाढला.

“अहो, पण एकोणचाळीस साली इथं निजामाचं राज्य होतं,” साहेब म्हणाले. “तेव्हा हा कायदा इथं लागूच नव्हता.”

म्हणजे कायदा होता तेव्हा आम्हाला लागू नव्हता, आणि रद्द झाल्यावर आम्ही तो इमानेइतबारे पाळत होतो. साहेब डोक्याला हात लावून बसले. आमचा बालाजी, कॉम्प्युटरवर बसणारा, चाळिशीचा गडी, शांतपणे म्हणाला, “साहेब, लई टिकाऊ माल हाय. राहू द्या एक नमुन्याला.”

*

या बालाजीनंच पुढचा पराक्रम केला. बेफाम गाडी हाकण्याचं जुनं कलम दोनशे एकोणऐंशी, नवं दोनशे एक्क्याऐंशी. एकेक पत्र उघडून कोण बदलणार? त्यानं कॉम्प्युटरला हुकूम दिला, की दिसेल तिथं २७९ काढ आणि २८१ घाल. एक बटण दाबलं आणि तंबाखू मळायला बाहेर गेला. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. त्यानं कलमं बदलली, आणि ज्या गाड्यांच्या नंबरात २७९ होतं त्या गाड्याही बदलल्या.

आठ-दहा दिवसांनी उमापूरचे सखाराम आप्पा ऑफिसात आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरंधोट धोतर, हातात आमचंच पत्र. मागे एक ड्रायव्हर उभा.

“म्याडम, माझ्याकडं एकच ट्रक हाय,” आप्पा म्हणाले. “हितं दुसऱ्या नंबरचा बी माझ्याच नावानं लिव्हलाय. त्याची तपासणी करून घ्या म्हनतेत.”

मी पत्र बघितलं आणि काय झालंय ते माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, “आप्पा, चूक झाली. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.”

“उगाच कावून?” आप्पा ड्रायव्हरकडे बोट करून म्हणाले. “सरकारनं दिलाय तर घिऊन जातो की. ड्रायव्हर संगंच आणलाय.”

त्यांना समजावता समजावता दोन चहा झाले. जाताना आप्पांनी आवारात उभ्या असलेल्या सगळ्या ट्रकांवरून एकदा नजर फिरवली, न जाणो!

*

मग आल्या पाट्या. पाट्या रंगवायला आमचे मुस्तफाभाई. अख्ख्या तालुक्यात ट्रकांच्या मागची नावं, मोर आणि कमळं त्यांच्याच हातची. अक्षर असं, की दंडाची धमकीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी वाटावी.

आमच्या पुढच्या भिंतीवर ड्रायव्हरांना इशारा लिहिलेला होता, शेवटी ‘भा.दं.वि. कलम २७९’. साहेबांनी सांगितलं, नव्या संहितेचं नाव पूर्ण लिहा. मुस्तफाभाईंनी सवयीप्रमाणे सुरुवातीची अक्षरं हातभर काढली. कायद्यापर्यंत आले तेव्हा ‘भारतीय न्याय’ एवढ्यातच भिंत संपली.

लागून शेवंताबाईच्या हॉटेलची भिंत. मुस्तफाभाईंनी शिडी सरकवली आणि उरलेली ‘संहिता’ तिच्या भिंतीवर लिहून टाकली, त्याच ओळीत, त्याच झोकात. त्याच्यापुढे तिचं आधीपासूनच लिहिलेलं होतं, ‘गरम भजी मिळतील’.

शेवंताबाई पदर खोचून ऑफिसात आली. “सायब, तुमचा कायदा माझ्या भिंतीवर आलाय. ड्रायवर लोकं बिचकायला लागली. भजी खाल्ली तर पकडतेत का म्हनून इचारतेत.”

“भाई, हे काय केलंत?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, जुना कायदा तीन अक्षरांत बसत होता,” मुस्तफाभाई म्हणाले. “नवा लई लांब हाय. त्यात माझा काय कसूर?”

साहेब पाहणीला म्हणून हॉटेलात गेले. तिथली भजी त्यांना एवढी आवडली, की ती पाहणी पुढे रोज चार वाजता होऊ लागली. पाटी नीट रंगवून झाली तरी पाहणी काही थांबली नाही.

*

त्याच भज्यांवरून साहेबांनी ऑफिसात एक नियम काढला. ज्याच्या तोंडून जुनं कलम निघेल त्यानं सगळ्यांना भजी द्यायची. जीभ वळायला हवी म्हणून.

पहिल्या दिवशी साहेबच अडकले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बालाजी म्हणाला, “साहेब, तुमी जाऊ नका बे... म्हंजी, जाऊ नका साहेब. तुमी गेल्यावर भजी कोन देनार?”

साहेबांना ‘बे’ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बालाजीनं जीभ चावली. साहेब मात्र एवढे हसले, की त्यांना ठसका लागला.

*

हंगामाच्या तोंडावर केजच्या बाजारतळावर आम्ही ड्रायव्हर आणि तोडणीच्या मुकादमांची सभा घेतली. साहेब नवी कलमं समजावून सांगत होते आणि लोक आदबीनं जांभया देत होते. मधेच सिरसाळ्याचा एक ड्रायव्हर उभा राहिला.

“साहेब, चारशेवीस बी गेलं का?”

“गेलं. आता फसवणुकीला तीनशे अठरा.”

ड्रायव्हरनं शेजारी बसलेल्या मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवला. “मुकादम, सुटलात तुमी.”

सगळा बाजारतळ हसला. मुकादमही हसला, जरा उशिरानं हसला, पण हसला.

हसणं ओसरलं तेव्हा मागून गयाबाई उठली. ऊसतोडीला जाणारी, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत बाई. “साहेब, आकडं बदललं ते चांगलं झालं. पर ट्रॉलीच्या मागं लाल पट्ट्या न्हाईत. अंधारात मागचा येऊन धडकतो. आमी वर बसलेलो असतो, लेकरं घिऊन. मागच्या सायबांनी पट्ट्या देतो म्हनलं आन बदलून गेले. तुमी बी चालला म्हनं?”

साहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. सभा तिथंच संपली. त्यांनी कुठं कुठं फोन लावले, दुपारपर्यंत चमकणाऱ्या पट्ट्यांची एक पेटी मिळवली आणि बाजारतळावर उभ्या असलेल्या ट्रॉल्यांना आम्ही सगळे पट्ट्या चिकटवत बसलो. साहेब स्वतः मातीत मांडी घालून बसले होते. पेटी संपली तरी बऱ्याच ट्रॉल्या उरल्या.

“बाकीच्यांचं बघू,” साहेब गयाबाईला म्हणाले.

“कोन बघनार?” तिनं विचारलं. परतताना जीपमध्ये साहेब उरलेल्या ट्रॉल्यांचा आकडा डायरीत लिहीत होते.

*

आणि मग तपासणीचा दिवस उजाडला. वरून आलेल्या मॅडम फार बारीक नजरेच्या. त्यांनी कपाटं उघडली, फॉर्म वाचले, शिक्के कागदावर मारून बघितले, बालाजीचा कॉम्प्युटर उलटापालटा केला. काही सापडलं नाही. खरंच सापडण्यासारखं नव्हतं, कारण मन लागो न लागो, काम आम्ही चोख केलं होतं. मॅडमनी दाखला काढला, पेनचं टोपण उघडलं आणि म्हणाल्या, “अभिनंदन. पुण्याची तयारी करा.”

बालाजी खिडकीबाहेर बघायला लागला.

“सही करण्याआधी आवार एकदा बघून घेते,” मॅडम म्हणाल्या.

आम्ही त्यांच्या मागे निघालो. मागच्या बाजूला पाण्याची टाकी आहे. तिच्यावर कधीच काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र निळ्या रंगात ठळक लिहिलं होतं, ‘गाडी सावकाश चालवा. भा.दं.वि. कलम २७९.’

मॅडमनी बोट लावून बघितलं. बोट निळं झालं.

“हे ओलं आहे,” त्या म्हणाल्या. “कोणी लिहिलं?”

रंगवलेल्या पाट्या दाखवायला मुस्तफाभाईही आले होते; सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मुस्तफाभाई टाकीजवळ गेले, अक्षरं खालून वर न्याहाळली आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, “म्याडम, माझ्यावर पायजे तो इल्जाम लावा. पर हे अक्षर माझं म्हनू नका.”

मॅडमनी आम्हा एकेकाकडे पाहिलं. शेवटी त्यांनी पेनला टोपण लावलं आणि दाखला पर्समध्ये ठेवला. “एक जरी सापडलं तर नाही, असं लेखी आहे. पुढची तपासणी हंगामानंतर. सॉरी, तुमचं पुणं हुकलं.”

“नियम म्हणजे नियम, मॅडम,” साहेब गंभीरपणे म्हणाले.

मॅडमची गाडी गेली. चार वाजले होते, म्हणून आम्ही शेवंताबाईकडे जाऊन बसलो. साहेबांनी डाव्या हातानं चहा घेतला. उजवा हात मघापासून पॅन्टच्या खिशातच होता. शेवंताबाईनं भज्यांची गरम प्लेट नेमकी त्यांच्या उजव्या बाजूला ठेवली. साहेब थोडा वेळ थांबले. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि एक भजं उचललं.

मुस्तफाभाई उठले. आपल्या पिशवीतून रंगाचे हात पुसायची रॉकेलची बाटली आणि एक चिंधी काढून त्यांनी साहेबांच्या बशीशेजारी ठेवली, आणि पुन्हा जागेवर येऊन चहा प्यायला लागले.