सुभेदाराची अँबॅसिडर

मोबाइलवर तो फोटो आला तेव्हा मी ऑफिसात होतो. हातातली फाइल बाजूला ठेवली, ती दिवसभर पुन्हा उघडली नाही. काळी कुळकुळीत अँबॅसिडर! खाली लिहिलं होतं, 'निजामाच्या सुभेदाराची खास गाडी. रंगासकट सगळं अस्सल. बारा लाख.'

या गाडीचं मला लहानपणापासून वेड. घरी येऊन बूट काढायच्या आधी बायकोला फोटो दाखवला. ती शाळेत इतिहास शिकवते. म्हणाली, "निजामाचं राज्य गेलं अठ्ठेचाळीस साली. ही गाडी बाजारात आली त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी. मग सुभेदार हिच्यात बसला कधी?"

"अगं, लिहिणाऱ्याची चूक असंल. गाडी तर जुनी आहे ना?"

"मग आबांना दाखव."

आबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी लातुरात चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. गाडीही लातूरच्या बाहेरच होती. रविवारी पहाटेच आम्ही दोघं नांदेडहून निघालो. वाटेत लोह्याला चहासुद्धा मी उभ्यानंच घेतला. लातुरात मामा दारातच तयार उभे होते. त्यांना घेऊन थेट गाडीकडे गेलो.

गाडीचा मालक पन्नाशीचा, पूर्वी बोअरवेलच्या धंद्यात होता. त्यानं पत्र्याच्या शेडमध्ये गाडीवरची ताडपत्री ओढून काढली आणि मी अक्षरशः "आहाहा!" म्हणालो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो.

"रंग कधीचा?" मामांनी विचारलं.

"पहिलाच. हात लावलेला न्हाई."

मामांनी खिशातून लोहचुंबक काढला. तो दारावर चिकटला, बॉनेटवर चिकटला. टपाच्या मधोमध मात्र टेकवला तर धरेचना, नुसता घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. मग त्यांनी दाराचं रबर बोटानं मागं सारलं. आत पांढरा रंग!

"जावईबापू, इकडं या. टपावर भोक होतं, लांबीची पुट्टी भरून बुजवलंय, म्हणून चुंबक धरत न्हाई. लाल दिव्याची वायर जायची तिथून. पांढरी सरकारी गाडी ही. लिलावात निघाली असंल." बॉनेट उघडून ते हसलेच. "आन् हे डिझेल इंजिन. ऐंशीच्या आधीची न्हाई गाडी."

मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या अंगावर काटा आला होता! एकेका थराखालून गाडीचा खरा जन्म निघत होता आणि मी शाळेतल्या पोरासारखा मामांच्या मागे मागे वाकून बघत होतो.

मालक मात्र पांढराफटक पडला. मला वाटलं, आता भांडण होणार. पण तो लाकडी खोक्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "मलाबी एकानं असंच सांगितलं होतं. मी नऊ लाखाला घेतली."

मग मामा त्याच्या शेजारी बसले. "खरी किंमत सांगू का?"

"सांगा."

मामांनी सांगितली. ऐकून त्यानं डोळे मिटले. "एवढीच?"

"एवढीच. पण इंजिन चांगलं हाय. तुम्ही राखलंय. ती खोटी जाहिरात काढा, रोज वापरा."

मग तो उठला, किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "विकायचीच न्हाई मला. पण तुम्ही नांदेडहून आलात. एक चक्कर मारा."

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. शेजारी मामा, मागे बायको आणि मालक. स्टिअरिंगजवळचा गिअर पहिल्यांदा पडला तो खर्रर्र करत. मामा ओरडले, "क्लच! क्लच दाबा पूर्ण!" गाडी एक हिसका देऊन रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना सोयाबीन, खिडकीतून वारा, आणि पुढे ते लांबलचक काळं बॉनेट. एका टेम्पोवाल्यानं आम्हाला बघून भोंगा वाजवला. मागून मालक पुढे वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "दाबा की जरा! सुभेदाराची न्हाई, माझी हाय!"

मी ॲक्सिलरेटर दाबला.