झडतीबाईचा लाल पट्टा

युद्धाच्या काळात ती तोफगोळे भरायच्या कारखान्यात लागली, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. काम हातांचं, पण भीती पायांची. चपलेचा खिळा फरशीला घासून ठिणगी उडाली, की सगळ्यांचाच कारभार आटोपला. म्हणून दारात जमिनीवर लाल पट्टा होता. किल्ल्या, काड्यापेट्या, केसांतले आकडे पट्ट्याबाहेर. आत फक्त माणूस आणि कापडी बूट. शिवणीत दडलेली टाचणीही तिच्या बोटांना सापडायची, म्हणून तिला दारावर नेमलं. नाव पडलं झडतीबाई.

युद्ध संपलं, कारखान्यात बादल्या बनू लागल्या. बादलीसाठी कोण झडती घेणार? तिने एका सुताराशी लग्न केलं, चार पोरं वाढवली आणि स्वयंपाकघराच्या दारात लाल पट्टा ओढला. दरवर्षी तो नव्याने रंगवायची, दोन हात, मधे पुरतं वाळू देऊन. एका हातात काम उरकणाऱ्यांचं ती तोंड बघत नसे.

नवऱ्याच्या खिशात कायम खिळे. त्याचं ताट बाहेर.

"अगं, इथे काय फुटणार आहे?" तो विचारायचा.

"तिथेही काही फुटलं नाही. का नाही फुटलं?"

मग तो ताट घेऊन ओसरीवरच्या बाकावर बसायचा. एकदा थोरल्याच्या खिशात बेडूक निघाला. तो लोखंडाचा नव्हता, म्हणून आत सोडला. थोरल्या जावयाने मात्र मोज्यात काड्यापेटी लपवली. तो अजून ओसरीवर जेवतो.

आता धाकटीला घड्याळजीशी लग्न करायचं होतं.

"माणूस कसा आहे, ते पट्ट्यापाशी कळेल," आई म्हणाली. घड्याळजीचे खिसे म्हणजे दुसरं दुकानच.

तो आला. आईने स्टुलावर ताटली ठेवली. चिमटे निघाले, स्क्रू निघाले, स्प्रिंगा निघाल्या, कुणाचे तरी तासकाटे निघाले. आत चहा निवत होता. शेवटी त्याने आपणहून पँटचा दुमडलेला काठ उलटला. एक स्क्रू टणकन ताटलीत पडला.

"याला मी महिनाभर शोधतोय," तो खूश होऊन म्हणाला.

आईने बोटं फिरवली. काही मिळालं नाही. "चल आत."

तो हलला नाही. "काकू, तुमची झडती कोण घेतं?"

सुताराला ठसका लागला. धाकटीने डोळे मिटले. संपलं सगळं.

कारखान्यात पहिली झडती झडतीवालीचीच व्हायची. घरात तसं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि आईच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. तिने कमरेला हात घातला. किल्ल्यांचा जुडगा. सेफ्टी पिना. आणि काड्यापेटी.

"चूल काय फुंकून पेटवू?" ती म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. "झालं."

"अंबाडा राहिला," घड्याळजी म्हणाला.

अंबाड्यातून इतके आकडे निघाले, की ताटली भरून वाहिली. केस मोकळे सोडून ती पट्टा ओलांडून बाहेर आली; काड्यापेटी सापडली की ओसरी, हा तिचाच नियम. सुतार बाकावर सरकला.

"ये, बस. इकडे वारा चांगला येतो."

ती बसली. धाकटीकडे पाहून म्हणाली, "हाच. अर्धवट काम करत नाही. आता कोणीतरी आत जा आणि चहा गरम करा."

घड्याळजी पट्ट्याशी थबकला. "काड्यापेटी बाहेर आहे, आई."

तिने ताटलीकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. हा पट्टा तिनेच दोन हात देऊन रंगवला होता.

"मग गारच आण," ती म्हणाली.