दत्तूला मी उलटा शिवला

माझ्या धाकट्या भावाला मी जिवंतपणीच मारलं, आणि तेही निव्वळ टापटिपीच्या सवयीपायी.

आमचं गाव तलवाडा. दत्तू लहानपणी वहीच्या कोपऱ्यात बैल काढायचा, पानं भरकन सोडली की बैल चालायचा (आणि पाठोपाठ मास्तरांची छडी!). पुढं मुंबईला नाटकवाल्यांचे पडदे रंगवले, तिथून बोटीनं बर्लिन, मग लंडन. तिकडं तो हजारो चित्रं काढून त्यांचे सिनेमे करायचा. साहेबलोक तिकीट काढून बघायचे. आईनं एकही पाहिला नव्हता. तिला सिनेमा नकोच होता, दत्तू हवा होता. नऊ वर्षं तिचं एकच, "येनार हाय का न्हाई त्यो?"

एकदा विलायतेहून पुडकं आलं. पत्त्यांएवढे शंभर कागद, प्रत्येकावर चित्र आणि आकडा. सोबत चिठ्ठी: 'दादा, एका बाजूनं शिवून आईला दे. वरून भराभर पानं सोडली की मी तिला दिसेन.'

शिवणं हा तर माझा धंदा! निजाम सरकारच्या कचेरीत मी कारकून. मिसल, म्हणजे एका कामाच्या कागदांचा गठ्ठा, शिवताना शेवटचा कागद सगळ्यांत वर, हा आमचा दंडक. मी शंभर नंबर वर ठेवला, एक नंबर तळाशी, आणि अशी देखणी मिसल शिवली की साहेबांनी न वाचता सही ठोकली असती.

आईनं पानं सोडली. दत्तू तिच्या पायांवर डोकं टेकून होता. तो उठला, उलट्या पावलांनी दाराबाहेर पडला आणि मागं मागं जात माळावर ठिपक्याएवढा झाला.

आई पांढरीफटक पडली. "उलट्या पायानं कोन चालतंय, सांग."

"चित्र हाय गं ते."

"भूत चालतंय. माजा दत्तू गेला. पाया पडून निरोप घेऊन गेला."

तिनं हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. पहिलीनं दत्तू गेल्याचं ऐकलं, दुसरीनं बोट बुडाल्याचं सांगितलं, आणि तिसरीपाशी पोचेतो ती बोट मी स्वतःच्या डोळ्यांनी बुडताना पाहिली होती! दुपारी सोयऱ्यांकडून दुखवट्याचं पिठलं-भाकरी आलं. मीही रडत होतो. दोनदा वाढून घेतलं, पण रडतच.

संध्याकाळी आईनं सगळी पानं उचलून धरली आणि तळापासून एकेक सोडत बसली. माळावर ठिपका उगवला. मोठा झाला, दारातून आत आला, वाकला.

"आला बाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आन तू रं, सोन्यासारखं लेकरू दारातनं माघारी धाडलंस व्हय?"

खरा दत्तू कधी आलाच नाही. दर पत्रात 'पुढच्या वर्षी'. आई रोज त्याला घरी आणायची; तिच्या अंगठ्यानं कागदांचे कोपरे काळे पडले. मग तीही गेली.

आता मी त्याला आणतो. फार आठवण येते हो त्याची. तो वाकला की मी त्या पानावर अंगठा दाबून धरतो. बायको ताट वाढते, म्हणते, "सोडा की तो कागद." कसा सोडू? एकदा माघारी धाडलाय मी त्याला. मग डाव्या हातानं दत्तूला धरून उजव्या हातानं जेवतो, आणि वर स्वतःला शहाणा कारकून म्हणवतो!